पावतीवर एकच दशांश: दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरमधली कापाकापी कुणाच्या माथी?

वारणाकाठचा_कोडकरी

दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर देणाऱ्यांकडे आपल्या सांगली भागात एक मागणी हमखास येते. तिच्यावर मतं हवी आहेत.

अ‍ॅनालायझर (दूध तपासायचं मशिन) फॅट ३.५७ आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, ८.४६ देतो. संस्थांकडून दूध घेणाऱ्या संघाचं दरपत्रक ०.१ च्या पायरीचं, म्हणजे एकाच दशांशाचं. त्यामुळे आकडा कुठल्या तरी चौकोनात बसवावाच लागतो. संस्था म्हणते, शेवटचा अंक उडवा, ३.५ आणि ८.४ धरा, पावतीवरही तेवढंच छापा. जवळच्या आकड्याला नेलं असतं तर ३.६ आणि ८.५ झालं असतं.

समजा पॉइंटला, म्हणजे ०.१ च्या एका पायरीला, ३० पैसे. या एका दुधात लिटरमागे ६० पैसे गेले. शेवटचा अंक ० ते ९ सारख्याच वेळा येतो असं धरलं, तर कापणं आणि जवळच्याला नेणं यात सरासरी अर्ध्या पॉइंटचा फरक पडतो. फॅटचे १५ पैसे, एसएनएफचे १५ पैसे. रोज हजार लिटर दूध असेल तर दिवसाला ३०० रुपये, महिन्याला ९०००.

माझ्या मते ही काटामारीच आहे, फक्त काटा कोडमध्ये बसवलाय. गिऱ्हाईक सांगतंय म्हणून लिहून द्यावं का? नाही म्हटलं तर दुसरा कुणी लिहून देतोच. कोडमध्ये, करारात आणि पावतीवर नेमकं काय करता येतं ते सांगा. प्रवचनं नकोत, ती ऐकायला गावात पारायण आहे.

बेदाणा_एक_नंबर

भडंग घेऊन बसलोय. चालू द्या.

बल्क_कूलर

धागाकर्त्यांनी संस्थेला सरळ चोर ठरवलंय म्हणून लिहितो. संघही टँकरला हेच करतो. टँकरच्या नमुन्यात ३.५८ लागलं तरी दर ३.५ चा. मग संस्थेनं सभासदाला ३.६ चा दर द्यायचा आणि मधला खड्डा कशानं बुजवायचा? कॅन धुताना, कूलरमध्ये ओतताना घट येते ती वेगळीच.

दुसरं म्हणजे या मशिनची अचूकताच फॅटला ०.१ अधिक-उणे. दुसऱ्या दशांशाला काही अर्थ असतो हेच मला मान्य नाही. जो अंक खरा आहे की नाही माहीत नाही, तो उडवला तर चोरी कशी?

शून्यापासून_मोजा

@बल्क_कूलर, दुसरा मुद्दा आधी घेतो. मशिनची चूक दोन्ही बाजूंना होते. खरं फॅट ३.५२ असेल तर आज ३.५७ दाखवेल, उद्या ३.४६. दहा दिवसांच्या बिलात सकाळ-संध्याकाळ धरून वीस पाळ्या येतात, त्यात ती बरीचशी एकमेकांत जिरते. कापणी वीसच्या वीस वेळा एकाच दिशेनं होते, ती कधीच जिरत नाही. अंक भरवशाचा नाही म्हणून तो नेहमी शेतकऱ्याच्या विरुद्धच मोजायचा, हे गणित बसत नाही.

पहिला मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे आणि धागाकर्त्यांचा हिशोब तिथे अर्धवट आहे. संघ टँकरला कापत असेल तर संस्था ते नुकसान फक्त खाली ढकलते, पैसे वर जातात. म्हणून आधी टँकरची पावती मागा. तिथे दोन दशांश आणि किलो फॅट, किलो एसएनएफवर (म्हणजे दुधातल्या त्यांच्या वजनावर) हिशोब असेल, तर वर कापणी होतच नाही आणि खालची कापणी सगळी संस्थेच्या गल्ल्यात पडते. तिथेही एकच दशांश असेल तर भांडण संघाच्या दरपत्रकाशी आहे.

विटेकर

कापणी मुद्दाम मागितली नाही तरी ती होते, हे कुणी लिहीलं नाही अजून. आपल्याकडची निम्मी सॉफ्टवेअरं अजून व्हीबी ६ वर (व्हिज्युअल बेसिक, मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रामिंग भाषा) आहेत. त्यातलं राउंड फंक्शन बरोबर मध्यावर असलेला आकडा सम अंकाकडे नेतं. ३.२५ ला एक दशांश करायला सांगा, ३.२ येतं. एक्सेलमध्ये तेच केलं की ३.३. पायथनचं राउंडही ३.२ च देतं आणि डॉटनेटचं डीफॉल्टही सम अंकाकडेच.

मजा पुढे आहे. व्हीबीतलं फॉरमॅट फंक्शन मध्यावरचा आकडा वर नेतं. म्हणजे हिशोब राउंडनं आणि छपाई फॉरमॅटनं केली असेल, तर पावतीवर ३.३ छापतं आणि पैसे ३.२ चे लागतात. सभासद भांडायला येतो, सचिव म्हणतो कॉम्प्युटर चुकत नाही, आणि दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक.

उपाय असा: आकडा बसवायचं एकच फंक्शन ठेवा. हिशोब, पावती, रजिस्टर, एसएमएस सगळ्यांनी तेच वापरावं. त्याच्या चाचणीत ३.२५, ३.३५, ३.४४, ३.४५, ३.४९ हे आकडे ठेवाच.

अर्धा_पैसा

@विटेकर यांच्यात भर. फ्लोट (दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नका. ४.३५ ला १०० नं गुणलं की डबलमध्ये (फ्लोटचाच मोठा भाऊ) ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं. त्याचा पूर्णांक केला की ४३४, म्हणजे ४.३४. ०.२९ चं तसंच, २८ होतं. अ‍ॅनालायझरकडून सिरीयल पोर्टवर मजकूर येतो, त्यातला दशांशबिंदू काढून थेट पूर्णांक करा: ३.५७ चे ३५७. डेटाबेसमध्ये फॅट, एसएनएफ शंभरपटीत, पैसे पैशांत. नाहीतर डेसिमल प्रकार वापरा. भागाकार एकदाच, शेवटी.

सातारी_तर्री

तुम्ही सांगलीकर दुसऱ्या दशांशावर रक्त आटवताय आणि तिकडे मशिनच्या मेनूत पासवर्ड टाकून फॅटला उणे ०.२ ची दुरुस्ती बसवलेली असते. सॉफ्टवेअर धुतल्या तांदळासारखं, खाली मशिन मळकं.

तपासायचं असेल तर फॅट मोजायची गर्बर पद्धत आहेच. ब्युटिरोमीटरमध्ये (खुणा केलेली काचनळी) आधी १० मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर १०.७५ मिली दूध काठानं हळू सोडायचं, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून नीट मिसळायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये ११०० फेऱ्यांवर चार-पाच मिनिटं, मग ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचायचं. आम्ल आधी, दूध नंतर. क्रम चुकला तर तोंडावर उडेल. गाय आणि म्हैस वेगळी तपासा, मशिनमध्ये दोन्हींचं कॅलिब्रेशन वेगळं असतं.

आणि प्रत्येक चुकीत डाव असतो असंही नाही. ताजं दूध फेसाळ असतं. बुडबुड्यांसकट नमुना दिला की अल्ट्रासॉनिक मशिन भलतंच दाखवतं. दिवसअखेर नळी धुतली नाही तर आत स्निग्धांश चिकटतो आणि वाचन हळूहळू सरकत जातं. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पाळीचं सरासरी फॅट आणि टँकरचं फॅट शेजारी शेजारी दाखवा. फरक रोज एकाच बाजूला वाढत गेला की मशिन बघायची वेळ झाली.

हळद_वायदा

लिटरचं कुणी बोलेना. काटा किलोत मोजतो, बिल लिटरवर. मध्ये भागायचा आकडा १.०३. कोडमध्ये कुणी १.०४ लिहून ठेवला तर १० किलोचे ९.७१ ऐवजी ९.६२ लिटर होतात, जवळपास एक टक्का गायब. दुसऱ्या दशांशापेक्षा हे फार मोठं, आणि एका ओळीत लपतं.

तीच गत लॅक्टोमीटरच्या (दुधाची घनता मोजायचं साधन) डिग्रीवरून एसएनएफ काढायच्या सूत्राची. डिग्रीचा चौथा भाग, अधिक फॅटच्या ०.२५ पट, अधिक ०.४४, हे एक सूत्र. फॅटच्या ०.२१ पट अधिक ०.३६, हे दुसरं. डिग्री २८, फॅट ३.५ ला पहिलं ८.३१५ देतं, दुसरं ८.०९५. दोन पॉइंटांहून जास्त फरक. लॅक्टोमीटर कुठल्या तापमानावर बेतलाय त्याप्रमाणे सूत्र ठरतं, आपल्या सोयीनं नाही. असले स्थिरांक कोडमध्ये गाडू नका. सेटिंगच्या तक्त्यात तारखेसह ठेवा आणि बदल कुणी केला त्याची नोंद ठेवा.

पलूसचा_ऊसवाला

दुधावर एवढं, मग उसाच्या काट्यावर किती बोलाल?

शून्यापासून_मोजा

@पलूसचा_ऊसवाला, थोडक्यात. लोडसेलकडून (काट्याखालचा वजनाचा सेन्सर) इंडिकेटर (आकडा दाखवणारा डबा), इंडिकेटरकडून आरएस २३२ केबलनं पीसी. वैधमापनचं (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) सील इंडिकेटरपर्यंत, पीसीतला प्रोग्राम त्या सिलाच्या बाहेर. म्हणून वाहनवाल्याला दिसणारा मोठा डिस्प्ले थेट इंडिकेटरला जोडलेला हवा. तो पीसीवरून चालत असेल तर तो काट्याचा पुरावा होत नाही, प्रोग्रामचं म्हणणं होतं फक्त.

प्रोग्रामनं वजन स्थिर झाल्याची खूण आल्यावरच आकडा घ्यावा. इंडिकेटरकडून आलेली ओळ जशीच्या तशी साठवावी. रिकाम्या गाडीचं वजन दर खेपेला नव्यानं करावं. जुनं साठवलेलं वजन वापरलं की चाकाला, ट्रॉलीला लागलेला चिखल कुणाच्या तरी खात्यात जातो. प्लॅटफॉर्मखाली माती साचली की शून्य सरकतं, ते बटणानं दाबून टाकण्याआधी आत वाकून बघावं. बाकीचं वेगळ्या धाग्यात, नाहीतर हा धागा गाळप हंगाम संपेपर्यंत चालेल.

माधवनगर_लोकल

'दुसरा लिहून देतोच' या वाक्यावर अडलोय. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करत होत्या. २०१५ साली उघड झालं. २०१७ साली अमेरिकेत त्यातल्या एका इंजिनिअरला ४० महिन्यांची शिक्षा झाली. तो मालक नव्हता, नोकरदार होता. वरून सांगितलं होतं हे कोर्टाला पुरलं नाही.

बल्क_कूलर

@माधवनगर_लोकल, फोक्सवॅगन कुठे आणि आमची दोन खोल्यांची संस्था कुठे. इथे सॉफ्टवेअरवाला एकटा असतो, त्याची वर्षाची देखभाल फी तुमच्या पुण्यातल्या पोरांच्या एका पगाराएवढी नसते. तो नाही म्हणाला तर त्याचं गिऱ्हाईक जातं, कापणी राहतेच. हे गणितही मांडा की.

माधवनगर_लोकल

मांडतो. म्हणूनच सपाट नकार हा सगळ्यात दुबळा मार्ग वाटतो मला. कापणीचा पर्याय द्या, पण उघडा द्या. तीन पर्याय: कापा, जवळच्या आकड्याला न्या, दोन दशांशांवर दर काढा. कुठलाही निवडला तरी पावतीवर मशिनचं मूळ वाचन दोन दशांशांत आणि शेजारी हिशोबाला धरलेला आकडा छापलाच जाईल. ही छपाई बंद करायचं सेटिंग ठेवायचंच नाही. संस्थेला कापायचं असेल तर सभासदांसमोर कापू दे. वार्षिक सभेत काय ते होईल.

तासगाव_ते_टोकियो

वार्षिक सभेत काय होतं ते आम्हाला माहीत आहे. चहा होतो.

कलम_बहाद्दर

करारावर लिहितो, कारण इथे सगळे तोंडी व्यवहार करतात आणि मग रडतात.

बाहेरच्या माणसाकडून सॉफ्टवेअर करून घेतलं की पैसे दिले म्हणून कोड आपोआप संस्थेचा होत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: नोकरीत लिहिलं असेल तर मालकाचं, कंत्राटानं लिहिलं असेल तर सहसा लिहिणाऱ्याचं, लेखी हस्तांतर केलेलं नसेल तर. कलम १९ प्रमाणे हस्तांतरात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. डेटा मात्र संस्थेचा, हे करारात स्वतंत्र वाक्यात लिहा.

आता दुसरी बाजू. देखभालीचे पैसे थकले की सॉफ्टवेअर आपोआप बंद पडेल अशी तारीख कोडमध्ये लपवायची खोड बऱ्याच जणांना आहे. अमेरिकेत सीमेन्ससाठी काम करणाऱ्या एका कंत्राटदारानं एक्सेलमध्ये असंच केलं होतं. ठरावीक तारखेनंतर शीट बिघडायची, मग दुरुस्तीला त्यालाच बोलावणं. २०१९ साली त्यानं गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये अधिकृत माणसाला त्याच्याच संगणकात येऊ न देणं येतं. अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

विटेकर

@कलम_बहाद्दर, मग पैसे बुडवणाऱ्या संस्थांचं काय करायचं? आरती ओवाळायची?

कलम_बहाद्दर

उघड मुदत ठेवा. करारात लिहा, स्क्रीनवर ३० दिवस आधीपासून पट्टी दाखवा. मुदत संपल्यावर नवीन नोंद बंद, पण जुनं बघणं, छापणं आणि एक्सेलमध्ये काढून नेणं कायम चालू. दहा दिवसांचं बिल अडकलं तर त्रास संस्थेच्या चेअरमनला होत नाही, दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला होतो.

कृष्णामाई_५७_फूट

डेटा संस्थेचा म्हणताय, तो आहे कुठे ते बघा आधी. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. नदीकाठच्या संस्थांचा पीसी तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, तर तो बॅकअप कुणासाठी?

रात्रीची पाळी बंद झाल्यावर आपोआप बॅकअप. दोन पेनड्राइव्ह आलटून पालटून, एक नेहमी सचिवांच्या घरी आणि ते घर पूररेषेच्या बाहेर हवं. तिसरी प्रत ऑनलाइन, कूटबद्ध करून. अ‍ॅक्सेसची एमडीबी (डेटाबेसची) फाइल प्रोग्राम चालू असताना कॉपी करू नका, अर्धवट लिहिलेली फाइल येते आणि ते उघडायला गेल्यावरच कळतं. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशिनवर परत चढवून बघा. मागच्या बिलाची एकूण रक्कम आणि पावत्यांची संख्या जुळली तरच बॅकअप आहे म्हणा. पाणी ४० फुटांना गेलं की पीसी उचलायचा, बातम्यांची वाट बघायची नाही.

सातारी_तर्री

आमच्याकडे पूर नाही, पण लाइट आहे. म्हणजे नसते. यूपीएस लिहा यादीत.

पतसंस्था_पीडित

सचिव म्हणतो कॉम्प्युटर चुकत नाही, हे वर आलं ना, त्यावर. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात होरायझन नावाची हिशोबाची प्रणाली होती, फुजित्सूची. तिच्या आकड्यात तूट दिसली म्हणून १९९९ ते २०१५ या काळात पोस्ट चालवणाऱ्या माणसांवर खटले झाले, ९०० हून जास्त दोषी ठरले. प्रणालीत दोष होते आणि कंपनीच्या लोकांना बाहेरून शाखेच्या हिशोबात शिरता येत होतं. शेवटी २०२४ साली संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

इथे लागू काय? सॉफ्टवेअरवाला एनीडेस्कनं (दुरून पीसी चालवायचं सॉफ्टवेअर) संस्थेत शिरतो आणि टेबलमध्ये थेट आकडा बदलून देतो. सचिवच फोन करून सांगतात, 'एवढं जरा दुरुस्त करा हो.' करू नका. चुकलेली नोंद तशीच ठेवून उलट नोंद आणि नवी बरोबर नोंद, दोन्हींवर कारण आणि नाव. सगळ्यांना मिळून एकच 'अ‍ॅडमिन' लॉगिन असेल तर तो लॉग काही कामाचा नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला बंद करता न येणारी बदलनोंद सक्तीची आहे. दूध संस्थेला तो नियम लागत नाही, पण तसं बांधायला कुणी अडवलेलं नाही.

बेदाणा_एक_नंबर

भडंग संपलं. धागा अजून चालूच आहे.

वारणाकाठचा_कोडकरी

सगळ्यांचे आभार. @शून्यापासून_मोजा यांनी दुरुस्ती केली ती मान्य: पैसे कुठे मुरतात ते टँकरच्या पावतीवरून ठरतं, माझं पहिलं विधान तेवढं सरसकट नको होतं. काटामारी हा शब्द मात्र पावतीवर मूळ वाचन लपवण्याबाबत मी मागे घेत नाही.

@माधवनगर_लोकल यांचा उपाय पटला. आता अडचण एसएमएसची. सभासदाला मराठीत जातो. त्यात पाळी, लिटर, मूळ फॅट-एसएनएफ, धरलेले फॅट-एसएनएफ, दर, रक्कम एवढं बसवायचं. युनिकोड एसएमएस ७० अक्षरांचा, त्यापुढे गेलं की प्रत्येक तुकडा ६७ चा आणि पैसे दुप्पट. संस्था म्हणणार मूळ वाचन काढा, म्हणजे फिरून तिथेच.

अर्धा_पैसा

बसतं. 'सकाळ ९.७१ लि. मशिन ३.५७/८.४६ धरले ३.५/८.४' हे चाळीस-पंचेचाळीस अक्षरांत होतं. पुढे 'दर' आणि 'रु.' आले तरी ७० च्या आत. संस्थेचं लांबलचक नाव पहिल्या ओळीत घालायचा हट्ट सोडा, पाठवणाऱ्याचं हेडर असतंच. फक्त डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची यंत्रणा) टेम्प्लेट मंजूर करून घेताना हे नव्या मजकुरासह पुन्हा टाकावं लागेल. मंजुरी आल्याशिवाय कोड बदलू नका, नाहीतर मेसेज जातच नाहीत आणि कळत पण नाही.

हळद_वायदा

आणि दिवाळीचा दूध फरक (सभासदांना नंतर वाटतात ती जादा रक्कम)? तो धरलेल्या आकड्यांच्या रकमेवर काढला तर कापणी दुसऱ्यांदा लागते.

विटेकर

@हळद_वायदा, म्हणूनच मूळ वाचन डेटाबेसमध्ये हवं, नुसतं पावतीवर नव्हे. वाचन, धरलेला आकडा, नियमाचा क्रमांक आणि दरपत्रकाची तारीख असे चार रकाने प्रत्येक नोंदीत. संघानं वर्षअखेरीस दोन दशांशांवर फरक द्यायचं ठरवलं, तर एका क्वेरीत निघतो. मूळच फेकून दिलं असेल तर कुणीच काढू शकत नाही.

बल्क_कूलर

टँकरच्या पावत्या काढून बघतोय. आमच्या संघाची पावती दोन दशांशांची आहे. किलो फॅटचा रकानाही आहे. सचिवांना विचारतो उद्या.